मदत हवी आहे: आजोबांची गंजलेली फियाट 1100, पत्रा आधी का इंजिन आधी?

नमस्कार मंडळी,

गाडी फियाट 1100 डिलाइट, आरसी बुकात 1971 चं मॉडेल, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग सीट. आजोबांची आहे आणि अजून त्यांच्याच नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. लांज्याजवळ आमच्या घराच्या पडवीत उभी होती, एका बाजूला कौलं फुटलेली, म्हणजे डाव्या अंगाला दर पावसाळ्यात थेट पाणी. मागच्या महिन्यात काकांनी सांगितलं की घर दुरुस्तीला काढतोय, गाडी ने नाहीतर भंगारवाल्याला देतो, मग टोइंगच्या गाडीवर चढवून अंबा घाटातून कोल्हापूरला आणली. आता ती माझ्या मित्राच्या शेडमध्ये आहे, शेडला वीज आहे, थ्री फेज आहे, भाडं नाही, पण दिवाळीनंतर जागा त्याला लागणार आहे असं त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.

माझा अनुभव म्हणजे बाइकचं कार्बोरेटर उघडून साफ करून परत बसवणे, ब्रेक शू बदलणे, एवढाच. वेल्डिंग येत नाही. शिकायची तयारी आहे पण पहिला प्रयोग आजोबांच्या गाडीवर नको असं बायकोचं मत आहे आणि ते बरोबरच आहे.

गाडीची अवस्था सांगतो. लांबून बघितलं तर वाटतं धुऊन पॉलिश मारलं की झालं. बॉनेट, छप्पर, डिकीचं झाकण खरंच ठीक आहे, वरवरचा गंज. पण कार्पेट उचललं तर खाली काळा लगदा होता, तो खरवडून काढला तर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरमधून शेडचा कोबा दिसतोय. दाराखालचा आडवा पत्रा, सिल म्हणतात तो, उजवीकडे ठोकल्यावर टण्ण वाजतो, डावीकडे बद्द वाजतो. स्क्रू ड्रायव्हरने दाबलं तर टोक आत गेलं, ओढलं तर पापुद्र्यांसकट बाहेर आलं, लाल, पानासारखे सुटणारे थर. त्याच बाजूचं मागचं दार उघडलं की जरा खाली येतं आणि लावताना उचलून लावावं लागतं. एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घर होतं (रिकामं, नशीब). इंजिन हाताने फिरत नाही, हँडल घालून मी जोर लावलेला नाही कारण मित्र म्हणाला काहीतरी तुटेल. ब्रेक पेडल थेट खाली जातं. पेट्रोलच्या टाकीला वार्निशसारखा वास येतोय.

दोन मिस्त्रींना दाखवली. पहिला डेंटर म्हणाला पत्र्याचं टेन्शन घेऊ नका, फायबरची जाळी लावतो, वर लांबी (पुट्टी) मारतो, रंग मारला की कोणाला कळणार नाही, पस्तीस हजारात रंगासकट. दुसऱ्याने गाडीखाली झोपून बघितलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला हे सगळं कापावं लागेल, किती ते कापल्याशिवाय सांगता येणार नाही. मला दुसरा जास्त खरा वाटतो पण "सांगता येणार नाही" ह्या बजेटची भीती वाटते.

तर विचारायचंय असं की सुरुवात कुठून करू? माझ्या मनात होतं की आधी इंजिन चालू करावं, आवाज आला की घरच्यांनाही हुरूप येईल, पत्रा मग बघू. हे चुकतंय का? सिल कापल्यावर गाडी वाकते असं ऐकलंय ते कितपत खरं? आणि कागदपत्रांचं काय, ही 50 वर्षांच्या वरची आहे तर व्हिंटेजमध्ये जाते ना? मला हिला कधीमधी रविवारी पन्हाळ्याला न्यायचीय, शोकेसमध्ये ठेवायची नाहीये.

---

पाना_बारातेरा:

आधी एक काम करा, पहिल्या डेंटरचा नंबर डिलीट करा. लांबी हा रंगाखालचा थर आहे, दोन मिलीमीटरचा खड्डा भरायला. तुमच्या गाडीत ज्या जागी गंज आहे तिथे ती मारणं म्हणजे धोका. जीपला खाली वेगळी चेसी असते, बॉडी सडली तरी सांगाडा उभा राहतो. फियाटला तसली चेसी नाही. फ्लोअर, सिल, दारांमधले खांब, छप्पर हे सगळं मिळूनच चेसी आहे. तुमचं दार खाली येतंय ते बिजागरीमुळे असेल तर नशीब, पण सिल बद्द वाजतंय म्हणता त्यावरून मला वाटतं बॉडीच मध्ये बसायला लागलीये.

त्यामुळे पत्रा आधी. इंजिन फक्त मोकळं होतंय का एवढं बघून ठेवा म्हणजे बजेटचा अंदाज येईल, पण चालू करायच्या मागे लागू नका. ब्रेक नसलेली आणि खालून सडलेली गाडी चालू झाली की माणसाला गल्लीत एक चक्कर मारायचा मोह होतोच.

सिल कापल्यावर गाडी वाकते हे शंभर टक्के खरं. म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी अँगल तिरके वेल्ड करून घ्यायचे, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, मधल्यापासून मागच्यापर्यंत. तात्पुरते, काम झाल्यावर कापून टाकायचे. आणि अँगल मारायच्या आधी जॅक लावून दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आणून घ्यायची, नाहीतर वाकडी गाडी वाकडीच पक्की होईल. एका वेळी एकच बाजू कापा. गाडी चाकांच्या जवळ, चांगल्या पत्र्यावर स्टँड लावून लेव्हलमध्ये ठेवा, मधोमध जॅक नको. दुसरा मिस्त्री हे न विचारता स्वतःहून बोलला तर तोच तुमचा माणूस. गॅस वेल्डिंग करतो म्हणाला तर नको म्हणा, एवढ्या उष्णतेत पातळ पत्रा लाटा मारतो. मिग वेल्डिंग (तारेचं, विजेवरचं), थोडे थोडे टाके, जागा बदलत. सिलला 18 गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या.

आणि वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून शेडच्या बाहेर. रिकामी आहे म्हणून राहू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

---

घाटावरचा:

एवढा कुटाणा कशाला, जुनं 1089 सीसी इंजिन काढा, ओम्नीचं टाका, पार्ट कुठेही मिळतात, अ‍ॅव्हरेज पण वाढेल. आमच्या गावात एकाने पद्मिनीत (हीच फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी नावाने आलेली) केलंय, पळते मस्त.

---

ठाणेकर_ताई:

घाटावरचा, असं करू नका हो, आणि धागाकर्त्यांनी तर अजिबात नको. 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे जे नियम आणले त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली, अशी अट आहे. ओम्नीचं इंजिन टाकलं की तो दरवाजा बंद. नेहमीच्या नोंदणीतही इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर चढवावं लागतं, गावात कोणीतरी केलंय म्हणून चालतं असं नाही.

आता व्हिंटेजचं. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, 10 वर्षं चालते, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं येतात. ऐकायला छान आहे पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच. तुमचं पन्हाळा त्यात बसत नाही. म्हणून तुम्हाला माझ्या मते नेहमीचं नूतनीकरण बरं, फॉर्म 25, गाडी तपासणीला न्यायची, पास झाली की 5 वर्षं. थकलेला कर आणि पर्यावरण कर भरावा लागेल तो वेगळा.

पण त्याच्याही आधी गाडी तुमच्या नावावर करा. मालक वारले असतील तर फॉर्म 31, मृत्यू दाखला, बाकी वारसांची ना हरकत. काका, आत्या सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी भंगार आहे तोवर. रंग लागून चकचकीत झाली की प्रत्येकाला तिच्यातून शाळेत गेल्याचं आठवतं. आणि आरसी जुनं हाताने लिहिलेलं पुस्तक असेल तर ती नोंद ऑनलाइन नसण्याची शक्यता जास्त, ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे पत्र्यावर पैसे घालायच्या आधी करा हो प्लीज.

---

धागाकर्ता:

ताई, आत्याचा फोन ऑलरेडी आलाय 😀 सह्यांचं ह्या रविवारीच उरकतो.

पाना दादा, दुसऱ्या मिस्त्रीला फोन केला, अँगलचं मी काही न बोलता त्यानेच सांगितलं, म्हणजे ठरलं. तो म्हणाला खरवडण्याचं काम तुम्ही स्वतः करा तेवढे पैसे वाचतील. पण सध्या पाऊस आहे आणि एक कोपरा वायर ब्रशने चकचकीत केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत तांबूस. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं रसायन) मारून ठेवू का सगळीकडे? आणि इंजिन मोकळं करायचं कसं?

---

पाना_बारातेरा:

कन्व्हर्टर वरवरच्या गंजाला, बॉनेटच्या आतल्या बाजूला वगैरे, तो काळा पडतो आणि थांबतो. पापुद्रे सुटतायत तिथे काही उपयोग नाही, तो पत्रा कापायचाच. जेवढं एका दिवसात खरवडून, थिनरने पुसून, त्याच दिवशी प्रायमर मारून होईल तेवढंच उघडायचं. सगळी गाडी एकदम सोलून ठेवू नका. प्रायमर इपॉक्सीच घ्या, साधा प्रायमर पाणी शोषतो, कोल्हापूरच्या पावसात त्याच्याखाली परत गंज धरेल. मास्क आणि गॉगल लावा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. ब्रेक ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा.

नवीन सिल बंद झाल्यावर आतली पोकळी विसरू नका, गंज आतूनच आलाय. नळीने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीसाठीचं मेण) सोडा आणि खालची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना बघा, डेंटर लोक नेमकी तीच बुजवतात.

इंजिनला चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल सोडा, आठवडाभर विसरून जा, मधे मधे थोडं अजून घाला. मग प्लग बाहेरच ठेवून, गिअर न्यूट्रल आहे ना बघून, हँडलने हलकं पुढे मागे. पुढे मागे, जोर नाही. हललं की जुनं ऑइल काढून टाका. तरी नाही हललं तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायचं. हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक मटेरियलच्या टाकून घ्या, ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली, शिसं सीटची झीज थांबवायचं, ते पेट्रोल आपल्याकडे 2000 मध्ये बंद झालं.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची किट बदला, दिसायला चांगली असली तरी. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून पुन्हा गंजते. दर महिन्याला तरी चालवा मग.

---

स्पेअर_शोधक:

पार्टचं सांगतो. मेकॅनिकल सामानाला घाबरू नका, प्रीमियर पद्मिनी 2000 च्या आसपासपर्यंत बनत होती आणि मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या, त्यामुळे व्हील सिलिंडर किट, क्लच प्लेट, बुश, सायलेन्सर असलं अजून निघतं. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा बाजार, पुण्यात नाना पेठ. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून आणलेलं निम्मं सामान बसत नाही. बोअरिंग, क्रँक, लेथचं काम मात्र बाहेर देऊ नका, तुमच्या गावात शिवाजी उद्यमनगर (कारखान्यांची वसाहत) असताना पुण्यामुंबईला कशाला जायचं.

खरी अडचण डिलाइटची ग्रिल, मागचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या. पद्मिनीचं ते वेगळं दिसतं. तुमचे असतील तसे, वाकलेले का असेनात, काढून कपड्यात गुंडाळून घरी ठेवा. शेडमध्ये नको. प्रत्येक पट्टीच्या क्लिपा वेगळ्या पिशवीत, वर लिहून.

---

धागाकर्ता:

ग्रिल आणि दिवे आज काढून घरी आणले, माळ्यावर जागा मिळाली आहे, वादासकट. प्लगच्या भोकात ऑइल सोडलंय. एक नंबरच्या सिलिंडरमधलं सगळं रात्रीत खाली गेलं, बाकी तिघांत तसंच आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणायच्या का एवढ्यावरून काही ठरवू नये?

आणि मागचा डावा ड्रम निघतच नाहीये, स्क्रू काढले, हँडब्रेक सोडलाय, रबरी हातोडीने सगळीकडून ठोकून झालं. गरम करू का, का आत शू चिकटलेत म्हणून अ‍ॅडजस्टर मागून ढिला करून बघू? पुलर (ड्रम ओढून काढायचं हत्यार) कोल्हापुरात भाड्याने कोणाकडे मिळत असेल तर तेही सांगा.