एमआरपी एकच, मग विमा, योजना आणि रोखीच्या पेशंटसाठी औषधाचा हिशेब वेगळा का?

परळ_फार्मसी:
ट्रास्टुझुमॅब या कॅन्सरच्या औषधाच्या बायोसिमिलरसाठी (मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीचं औषध) हॉस्पिटलची खरेदी यादी नव्याने करायची आहे. पेशंट तीन प्रकारचे: कॅशलेस, महात्मा फुले योजनेतले आणि रोखीचे. विमा कंपन्यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडीवर (ट्रास्टुझुमॅब याच गटातलं) उपमर्यादा, म्हणजे एकूण विम्याच्या आत त्या उपचारापुरती वेगळी मर्यादा, घातल्यापासून ब्रँड बदलायची मागणी वाढली आहे, तर कंपनीचे प्रतिनिधी म्हणतात, एमआरपी तीच, सवलत वेगळी. पैसे भरणाऱ्याने नियम बदलला की किंमत नेमकी कुठे हलते? आणि ६० किलो वजनाच्या पेशंटचा हिशेब कसा मांडावा?

दर_नियंत्रण:
आधी वरची मर्यादा समजून घ्या. ट्रास्टुझुमॅब राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, त्यामुळे २०१३च्या औषध दर नियंत्रण आदेशानुसार एनपीपीए (औषधांचे दर ठरवणारी केंद्राची संस्था) कमाल दर ठरवते. ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा १ टक्का किंवा जास्त, त्यांच्या पीटीआरची (किरकोळ दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची) साधी सरासरी आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. समजा तीन ब्रँडचे पीटीआर ८००, १,००० आणि १,२०० आहेत: सरासरी १,०००, कमाल दर १,१६०, वर जीएसटी. ज्याची किंमत आधीच खाली आहे त्याला वर चढता येत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदल होतो. २०२३ साली तो १२ टक्क्यांहून जास्त होता, २०२४ साली जवळपास शून्य.

यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. त्यातल्या ४२ कॅन्सरच्या औषधांवर २०१९ पासून व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा आहे. विम्याचा नियम बदलल्याने यातलं काहीच हलत नाही. हलतो तो एमआरपीच्या खालचा दर, म्हणजे हॉस्पिटलला प्रत्यक्ष पडणारा. भांडायचं तर त्याच दरावर भांडा.

क्लेम_डेस्क_दादर:
उपमर्यादेचं गणित आकड्यांत बघा. वर्षभराचा कोर्स १८ डोसांचा, दर तीन आठवड्यांनी एक. समजा डोसला ४०,००० रुपये आणि उपमर्यादा पॉलिसी वर्षाला ३ लाख. नूतनीकरणानंतर लगेच उपचार सुरू झाले, तर पहिला ते अठरावा डोस ५१ आठवड्यांत, म्हणजे सगळे एकाच पॉलिसी वर्षात बसतात: बिल ७.२० लाख, पेशंटच्या खिशातून ४.२० लाख. तेच नूतनीकरण नवव्या डोसानंतर आलं, तर दोन वर्षांची मर्यादा मिळते आणि पेशंटवर १.२० लाखच येतात. डोस ३३,३३३ रुपयांच्या आत आला तर नऊ डोस एका मर्यादेत पूर्ण बसतात, आणि कंपनीचा सवलतीचा दर नेमका अशाच आकड्याकडे सरकतो. अर्थात, यासाठी उपचाराची तारीख पुढे ढकलायची नाही. पहिल्याच दिवशी घरच्यांना हा तक्ता लिहून द्यायचा.

पॉलिसीत मर्यादा ‘प्रति वर्ष’ आहे की ‘प्रति ॲडमिशन’, हे शब्द स्वतः वाचा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. आणखी एक चूक नेहमी दिसते: खोलीचं भाडं मर्यादेबाहेर गेलं म्हणून औषधाच्या बिलावरही प्रमाणशीर कपात लावतात. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमांनुसार औषधं आणि कन्झ्युमेबल्स त्या कपातीतून वगळलेली आहेत. लेखी हरकत घ्या, सोबत डिडक्शन शीट (कपातीचा तक्ता) जोडा.

केमो_डेकेअर:
६० किलोला पहिला डोस किलोमागे ८ मिग्रॅ म्हणजे ४८० मिग्रॅ, पुढचे किलोमागे ६ म्हणजे ३६०. ४४० मिग्रॅची वायल (औषधाची छोटी बाटली) बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यात, म्हणजे बेन्झिल अल्कोहोल हे संरक्षक घातलेल्या पाण्यात, विरघळवली तर २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते. पहिल्या दिवशी दोन वायल उघडतात, ४०० मिग्रॅ उरतात आणि २१व्या दिवसाचे ३६० त्यातूनच निघतात. मग ४० राहतात, पण ४२व्या दिवशी ते वापरायचे नाहीत, मुदत संपलेली असते.

साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवली तर उरलेलं फेकावं लागतं. बेन्झिल अल्कोहोलची ॲलर्जी असलेल्या पेशंटसाठी हे साधं पाणीच वापरावं लागतं. तिथे ३६०च्या डोसाला १५० मिग्रॅच्या तीन वायल घेतल्या तर ९० मिग्रॅ वाया, ४४०च्या एका वायलमध्ये ८०. म्हणून दर वायलमागे न लावता प्रत्यक्ष दिलेल्या मिग्रॅमागे लावून कोटेशनची तुलना करा.

उघडल्याची तारीख, वेळ, बॅच नंबर आणि काढलेलं प्रमाण वायलच्या लेबलवर आणि डोस शीटवर, दोन्हीकडे हवं. दुसऱ्या डोसाला बिलात वायल दिसत नाही आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) नेमकी तिथेच क्वेरी टाकते.

परळ_फार्मसी:
योजनेतल्या पेशंटचं काय? आणि कंपनी मदत योजनेतून मोफत वायल देते, ती बिलात कशी दाखवायची?

दर_नियंत्रण:
महात्मा फुले योजनेत पॅकेजचा दर ठरलेला असतो, एमआरपीला तिथे अर्थ नाही. खरेदीचा दर पॅकेजमध्ये बसला नाही तर हॉस्पिटल तोटा सोसतं किंवा ते औषध ठेवणंच बंद करतं. हे दुसरं जास्त घातक, कारण कागदावर औषध ‘उपलब्ध’च राहतं. उपाय म्हणजे एकत्र खरेदी. टाटा मेमोरियलच्या पुढाकारातल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने २३ केंद्रांसाठी ४० औषधांची एकत्र बोली लावली आणि सुमारे ८२ टक्के बचत झाली. केंद्रांनी खरेदीचं प्रमाण आधी कबूल केलं होतं, म्हणून कंपन्या खाली आल्या. एकट्या हॉस्पिटलनेही निदान सहा महिन्यांच्या वायल लेखी कबूल करून दर मागावा.

क्लेम_डेस्क_दादर:
मोफत वायल बिलात शून्य किमतीला, बॅच नंबरसह दाखवा. तिचे पैसे विम्याकडे मागणं ही सरळ फसवणूक आहे. पण शून्य किमतीचे डोस उपमर्यादा खात नाहीत, हे वरचा तक्ता करताना धरा. ‘अमुक डोस विकत, मग अमुक मोफत’ अशी योजना असेल तर विकतचे डोस किती येतात, त्यावरून दोन ब्रँडची तुलना बदलते.