मदत हवी आहे: जुन्या ग्लो साइन बोर्डला ॲक्रेलिकऐवजी फ्लेक्स बसवायचा आहे

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं वडिलांच्या काळापासूनचं कापडाचं दुकान आहे. दारावरच्या १० बाय ३ फुटी ग्लो साइन बोर्डची (आतून दिवे लागणारी पाटी) ॲक्रेलिक शीट परवाच्या वादळात मधोमध तडकली, खालचा कोपरा तर गळूनच पडला. लोखंडी पेटी मात्र ठणठणीत आहे. म्हणून ती तशीच ठेवून पुढे बॅकलिट फ्लेक्स (मागचा उजेड आरपार येऊ देणारं छापील प्लास्टिक कापड) ताणायचा विचार आहे.

पेटी जेमतेम ४ इंच खोल. आतल्या ट्यूबलाइट काढून १२ व्होल्टचे एलईडी मॉड्यूल लावणार. एवढ्या कमी खोलीत फ्लेक्सवर एलईडीच्या उजेडाचे ठिपके दिसतील का? लेन्सवाले (उजेड पसरवणारे) मॉड्यूल एकमेकांपासून किती अंतरावर लावावेत? एसएमपीएस (एलईडीला १२ व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लाय) पेटीत ठेवावा की दुकानात?

खरी काळजी ताणाची आहे. शेजारच्यांचा फ्लेक्स कडेला नुसता स्क्रूने ठोकलाय; उन्हाने सैल होऊन मधे पोट सुटलंय, रात्री त्याच्या सुरकुत्यांच्या सावल्या अक्षरांवर पडतात. फ्रेमच्या मागे वळवून ॲल्युमिनियम पट्टीत दाबला तर ताण टिकतो का?

अक्षरांचा मरून रंग वडिलांनी निवडलेला. मागून उजेड पडल्यावरही तो तसाच दिसायला हवा, छापणाऱ्याला नेमकं काय सांगू? स्वतः असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.