अहवाल वाचताना आधी काय बघायचं: पैसा की हिशोब?

चौकस: विजेवरच्या गाड्यांवरचा कुठलाही अहवाल हाती आला की मी आधी पैसे कुणी दिले ते शोधतो. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एक अहवाल गाजला होता: ७८ हजार किलोमीटर धावल्याशिवाय ही गाडी कार्बनच्या हिशोबात पेट्रोलपेक्षा बरी ठरत नाही. मागे ॲस्टन मार्टिन, बॉश वगैरे गाड्या आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या. ज्या जनसंपर्क संस्थेने तो काढला, ती ॲस्टन मार्टिनच्याच एका अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नावावर निघाली! असलं सगळं थेट केराच्या टोपलीत.

आडवा प्रश्न: टोपलीत जाऊ दे, पण कारण वेगळं द्या. नेदरलँड्समधल्या आयंडहोवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशोब पुन्हा मांडला तेव्हा आकडा २५ हजारांच्या आसपास आला, म्हणून तो अहवाल पडला. उलट उदाहरण घ्या. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये बॅटरी बनवताना तिच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे १५० ते २०० किलो कार्बन धरला. पैसा सरकारी. २०१९ मध्ये त्यांनीच तो ६१ ते १०६ वर आणला. जुना आकडा मात्र अजून फिरतोय.

चौकस: आयव्हीएलने उघडपणे दुरुस्ती केली, तिथे माझं भांडणच नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले, तापमानवाढीचा दोष माणसापेक्षा सूर्याला देणारे विली सून आठवा. २०१५ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, दहाएक वर्षांत १२ लाख डॉलरहून जास्त पैसा खनिज इंधन उद्योगातून आला आणि किमान ११ शोधनिबंधांत त्याचा उल्लेख नाही. लपवायचं कशाला?

कोळशाचा वकील नाही: तेलवाल्यांवर तोंडसुख घेणं सोपं आहे. बॅटरीत कोबाल्ट लागतं; जगातलं सुमारे ७० टक्के काँगोतून येतं, तिथल्या खाणींत मुलं राबतात. ते तुमच्या ‘शाश्वत’च्या हिशोबात कुठे दिसतं?

आडवा प्रश्न: लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नसतं, एवढं तरी सांगा. आणि आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, २०१४ च्या अहवालात कोळशाच्या विजेला दर युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन, मोठ्या सौर प्रकल्पाला ४८.

कोळशाचा वकील नाही: ग्रॅम मान्य! पण बालमजुरी ग्रॅममध्ये मोजत नाहीत. पैसे देणाऱ्याला आकडा खोटा लिहून घ्यावा लागतच नाही. काय मोजायचं एवढं त्याने ठरवलं की झालं. सौर कंपनीही ते करू शकते.

चौकस: म्हणजे पैसा कुणाचा हे विचारायलाच हवं. मग इतका वेळ वाद कशावर घातलात?