मदत हवी आहे: घरची चार कामं स्वतः करायचीत, सुरुवात कशापासून करू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. बिल्डिंग १९९१ ची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले. दिवाळीला पाच आठवडे उरलेत. माणसं लावून सगळं करून घेणं यंदा परवडत नाही, म्हणून शनिवार-रविवार धरून मी आणि नवरा स्वतःच करणार आहोत. ड्रिल मशीन घरात आहे, पुट्टी भरायला येते.

मोठं दुखणं बेडरूमच्या भिंतीचं. स्कर्टिंगपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेत. पलीकडे बाथरूम आहे. गेल्या दसऱ्याला खरवडून पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात, सगळं नीट केलं होतं. होळीपर्यंत पुन्हा फुगे. बोट फिरवलं की पांढरी भुकटी झडते, आणि हे भर उन्हाळ्यातही चालूच होतं.

सिंकचा नळ ठिबकतो. रात्री पातेलं ठेवलं तर सकाळी भरलेलं असतं, खालच्या कपाटाचं प्लाय फुगून दार लागेनासं झालंय. बाल्कनीचं ग्रिल गंजलंय, पण ते थांबू शकतं.

चौथं काम सासूबाईंसाठी. त्या ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात कमोडवरून उठताना त्यांनी टॉवेलच्या सळईला धरलं आणि सळई स्क्रूसकट हातात आली. थोडक्यात वाचल्या, पण तेव्हापासून आत जाताना कडी लावत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मला ते रोज दिसतं आणि जीव तुटतो. तिथे धरायला पक्की दांडी बसवायचीय.

अडलंय ते इथे: दांडीची भिंत तीच ओलीची भिंत. टाइल्सना भोकं पाडली तर पाणी आणखी आत जाईल का? नवरा म्हणतो, दिवाळी आहे, आधी रंग. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया क्रम सांगा.

प्रतिसाद १:
ताई, रंग सगळ्यात शेवटी. वर्षभर ओल आहे आणि तीही खालच्या बाजूला, म्हणजे पावसापेक्षा बाथरूमचाच संशय जास्त. टाइल्सच्या जॉइंटमधलं व्हाइट सिमेंट झिजलं की रोजच्या अंघोळीचं पाणी भिंतीत मुरतं.

नळ उद्याच करा. सिंकखालचा कॉक बंद करून वॉशर किंवा स्पिंडल बदला, अर्ध्या तासाचं काम.

मग दांडी, आणि ती जॉइंट भरायच्या आधी, म्हणजे भोकांची धूळ आणि ठोके नव्या जॉइंटला लागणार नाहीत. टाइलवर मास्किंग टेप लावा आणि ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून भोक सुरू करा, टाइल पार झाली की मगच हॅमर. नळाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नका, आत पाइप असतो. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली तर ती जागा सोडा. भोकात सिलिकॉन भरून मग स्टीलचा स्क्रू बसवा, पाणी जाणार नाही. उंची मात्र सासूबाईंना बसवून, त्यांचा हात सहज कुठे जातो ते बघून ठरवा. आधी स्वतः पूर्ण जोर लावून ओढून बघा, मगच त्यांना धरू द्या.

त्यानंतर जुने जॉइंट खरवडून, सुकवून एपॉक्सी ग्राउट भरा. निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. शनिवारी अंघोळी उरकून लागा आणि रविवारी नातेवाइकांकडे जा.

बेडरूमचे पोपडे काढून ती भिंत उघडीच ठेवा. या दिवाळीला तिला रंग नको, बाकीच्या भिंती खुशाल रंगवा. जॉइंट भरूनही ओल वाढली तर आतला पाइप गळत असू शकतो, तिथे प्लंबरच लागेल. आणि त्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे का? असेल तर त्याला हात लावू नका, आधी इलेक्ट्रिशियन.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बोर्ड समोरच्या भिंतीवर आहे. नवऱ्याला प्रतिसाद वाचून दाखवला, ओलीच्या भिंतीचा रंग त्यानेच यादीतून काढला. सासूबाईंना आत्ता कमोडवर बसवून पेन्सिलने खूण केली. मी मनात धरलं होतं त्यापेक्षा ती चार बोटं खाली आली. शनिवारी सकाळी ड्रिल.