कारवान मादीचे एक वेत घ्यावे का?

माणदेशी_वाचक:
आमच्याकडे कारवान या शिकारी जातीच्या कुत्र्याची अडीच वर्षांची मादी आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की नसबंदी करण्यापूर्वी तिला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे पुढे तिची प्रकृती चांगली राहते. ओळखीच्या काही जणांनी आत्ताच पिल्लू सांगून ठेवले आहे. आम्हाला यातून पैसे मिळवायचे नाहीत, परंतु ही आपल्याकडची जात टिकावी असे मनापासून वाटते. पुढच्या माजाला नर दाखवावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पशुवैद्य_कोल्हापूर:
एकदा व्यायल्याने मादीची प्रकृती सुधारते, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो आणि एक वेत झाल्याने तो टळत नाही. त्यामुळे प्रकृतीचे कारण बाजूला ठेवून विचार करावा.

तरीही वेत घ्यायचे ठरले, तर आधी दोघांची ब्रुसेला तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार मेटिंगमधून पसरतो, त्याने गर्भपात होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पोटात किती पिल्ले आहेत हे कळते आणि विताना एखादे आत राहिले आहे का, याचा अंदाज घेता येतो. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, तर सिझेरियनची वेळ येऊ शकते. हे बहुधा रात्रीच घडते, म्हणून अपरात्री शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तुमच्या गावापासून किती अंतरावर आहे, याची चौकशी नर शोधण्याआधी करा. गाभण काळात मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत. त्यामुळे पिल्ले अंगावर पीत असताना मादीच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून तिला झटके येण्याचा धोका उलट वाढतो.

जत_शिवार:
आमच्याकडे तीन पिढ्या ही कुत्री आहेत, म्हणून जात टिकवण्याच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. सीमेपलीकडे कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगुतीने पैदास केली आणि आज तिथे तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्रही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचे नाव घेतले, तेव्हापासून शहरातून विचारणा करणारे वाढले आणि त्यांच्यामागोमाग, मादी दिसली की नर दाखवणारेही वाढले. माझ्या मते जातीचे खरे नुकसान इथेच होते. जात टिकते ती निवडीने. धाव, छाती, पाय, स्वभाव या सगळ्यांत उजवी असलेली मोजकी मादी पुढे न्यायची, तिच्याशी जवळचे नाते नसलेला नर शोधायचा आणि बाकीच्यांची पिल्ले घ्यायचीच नाहीत. पंचक्रोशीत एकच नावाजलेला नर सगळ्यांना दाखवला, तर थोड्याच पिढ्यांत घरोघर भावंडे होतात.

आता ‘सांगून ठेवलेल्या’ पिल्लांविषयी. या जातीला आठ-आठ पिल्लेही होतात आणि पिल्लू मागणारी माणसे ते जन्मल्यावर गप्प होतात. हे कुत्रे सशामागे धावण्यासाठी घडलेले आहे; शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण धाव काही त्याच्या अंगातून गेलेली नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते नासधूस करते किंवा सुटून रस्त्यावर जाते. मागणाऱ्या प्रत्येकाला मोकळी जागा आहे का, कुंपण किती उंच आहे आणि शेजारी शेळ्या-कोंबड्या आहेत का, हे विचारा. एखादे पिल्लू दोन वर्षांनी परत आले, तर ते ठेवून घेण्याची तुमची तयारी आहे का? नसेल, तर वेत घेऊ नये.

पुणेकर_श्वानप्रेमी:
नियमांचीही माहिती असू द्या. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.

माणदेशी_वाचक:
सर्वांचे आभार. पिल्लू मागणाऱ्यांना जत_शिवार यांचे प्रश्न विचारले, तेव्हा बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळला. रात्री येणारा डॉक्टरही आमच्याकडून दीड तासाच्या वाटेवर आहे. वेत घ्यायचे नाही, असे घरात ठरले आहे. नसबंदी केव्हा करावी?

पशुवैद्य_कोल्हापूर:
माज संपल्यानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी करावी. माजात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून तेव्हा टाळावी. अशा सडपातळ, कमी चरबीच्या कुत्र्यांमध्ये थायोपेंटोनची भूल उतरायला फार वेळ लागतो, तेव्हा ती कारवान आहे हे डॉक्टरांना आधीच सांगून दुसरे औषध वापरण्याविषयी बोलून घ्या.