मदत हवी आहे: पूर्णगड ते आंबोळगड, सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) सायकलने

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि माझी बारा वर्षांची लेक रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगडावरून सायकली काढणार आहोत. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा तो छोटा किल्ला पाहून गावखडी, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, मग नाट्याचा यशवंतगड आणि शेवटी आंबोळगड, असा बेत आहे. दिवस तीन, घाई अजिबात नाही.

अडचण डांबरी रस्त्याची. मागच्या दिवाळीत एका वळणावर मागून डंपर इतका चिकटून गेला की लेक सायकलीसकट गटारात उतरली. लागलं नाही, पण तिचे हात बराच वेळ थरथरत होते. म्हणून या वेळी शक्य तितकं सड्यावरच्या कच्च्या वाटांनी जायचंय. चाकाखाली जांभ्याची बारीक खडी चुरचुरते, बाजूला वाळलेलं सोनेरी गवत आणि पुढे एकदम समुद्र, हे तिला दाखवायचंच आहे.

कशेळी ते आंबोळगड सड्यावरून सलग बैलगाडीची वाट आहे का? की मध्ये आंब्याच्या बागांचे गडगे (दगडी कुंपणं) आडवे येतात? पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) लागली तर सायकल उचलून किती न्यावी लागेल? चाळीस मिलिमीटरचे टायर पुरतील ना?

कशेळीचं हत्तीचं कातळशिल्पही (जमिनीच्या कातळावर कोरलेलं चित्र) बघायचंय. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात तेही आहे. सायकली नेमक्या कुठे लावून पुढे चालत जायचं, तेवढं जरूर सांगा. चुकूनही चाक शिल्पावर जायला नको.

वाटेत पाणी कुठे भरता येईल, तेही कळवा.