मदत हवी आहे: १/१० रॉक क्रॉलरसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोणते घ्यावेत?

माझ्या १/१० प्रमाणाच्या रिमोट कंट्रोल रॉक क्रॉलरचे (दगडांवर चढणाऱ्या छोट्या गाडीचे) मूळ प्लॅस्टिकचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दांड्याच्या सीलपाशी तेल गाळू लागल्यामुळे चारही बदलायचे आहेत. लांबी ९० मिमी ठेवावी की १०० मिमी? लांब शॉकमुळे चाकाला खाली उतरायला जास्त वाव मिळतो खरा, पण त्यामुळे गाडीची उंची वाढली तर गुरुत्वमध्यही वर जातो आणि तिरक्या दगडावर ती कलंडण्याची भीती वाढते. चढाई संथच करायची असल्याने स्प्रिंग मऊ हवी, हे उघड आहे. मात्र गाडी स्वतःच्या वजनाने निम्मी दबेल अशी बाहेरची स्प्रिंग निवडावी, की ड्रूप पद्धतीने, म्हणजे उभी असतानाच शॉक जवळजवळ पूर्ण दबलेले राहतील अशी, गाडी खाली बसवावी, याचा निर्णय होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत नळीपेक्षा सील चांगले असणे मला महत्त्वाचे वाटते. तसेच, मागे पुढच्यापेक्षा घट्ट तेल भरल्याने चढावर फरक पडतो का, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.